बॉनव्हिल धरणावरची माशांची खिडकी : काय दिसते आणि काय दिसत नाही

ऑरेगन राज्यातील पोर्टलँडहून महामार्ग ८४ ने पूर्वेकडे निघाले की सुमारे ६४ किलोमीटरवर कोलंबिया नदीवरचे बॉनव्हिल धरण लागते. धरणाचे प्रेक्षक केंद्र अमेरिकेच्या लष्कराचे अभियंता दल चालवते आणि तेथे प्रवेशशुल्क नाही. पोर्टलँडजवळच्या बीव्हर्टन आणि हिल्सबरो भागातील मराठी घरांत भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की त्यांना मल्टनोमा धबधबा दाखवणे ठरलेलेच असते. तेथून हे धरण जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे, तरी बहुतेक गाड्या धबधब्यापासूनच माघारी वळतात. त्या गाड्यांनी आणखी थोडे पुढे यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र येथे नेमके काय पाहायचे ते आधी समजून घेतले नाही, तर अर्धीच गोष्ट पाहून परतावे लागते. आणि ही अर्धी गोष्ट दिलासा देणारी असल्यामुळे धरणांच्या नदीत सामन (नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारा मासा) अगदी सुखात आहे असा चुकीचा समज होण्याची शक्यता असते.

पहिल्यांदा जे उत्तम आहे त्याविषयी. ब्रॅडफर्ड बेटावरच्या इमारतीत लिफ्टने तळमजल्यावर उतरले की माशांच्या शिडीच्या पोटातच काचेच्या मोठ्या खिडक्या बसवलेल्या दिसतात. माशांची शिडी म्हणजे धरणाला वळसा घालून वर चढत जाणारा पायऱ्यापायऱ्यांचा जलमार्ग. समुद्रातून परतलेला मासा एका कुंडातून दुसऱ्या कुंडात जात धरणाची उंची पार करतो. काचेपलीकडचे पाणी हिरवट आणि बुडबुड्यांनी भरलेले असते. सप्टेंबरमध्ये, म्हणजे शरद ऋतूतील चिनूक या सामनच्या जातीची मोठी झुंड नदीत शिरते तेव्हा, हातभर लांबीचे मासे काचेला जवळजवळ घासून प्रवाहाविरुद्ध तोल सांभाळत उभे राहतात आणि मग शेपटीच्या एका फटक्यात पुढे निघून जातात. कोणाच्या पाठीवर सील किंवा सी-लायनच्या दातांच्या पांढरट खुणा असतात, कोणाचा पर फाटलेला असतो. मधूनच लॅम्प्रे हा ईलसारखा लांबट, जबडा नसलेला प्राचीन मासा गोल तोंडाने काचेला चिकटून विसावा घेताना दिसतो आणि त्याच्या तोंडातील दातांची वर्तुळे अगदी डोळ्यांसमोर येतात. लहान मुले तेथून हलायला तयार नसतात आणि मोठ्यांचीही स्थिती फारशी वेगळी नसते.

खिडकीपाशी एक गोष्ट आवर्जून पाहावी. सामनच्या पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. तो कापलेला दिसला तर तो मासा मत्स्यबीज केंद्रात जन्मलेला आहे असे समजावे, कारण सोडण्यापूर्वी तेथील बहुतेक पिल्लांचा हा पर खुणेसाठी काढला जातो. पर शाबूत असलेला मासा बहुधा नदीच्या गोट्यांत जन्मलेला, रानटी. थोडा वेळ थांबून हे पाहत राहिले की कापलेल्या पराचे मासे किती आहेत याचा अंदाज कोणी न सांगता येतो. येथे १९३८ पासून, म्हणजे धरण कार्यरत झाले त्या वर्षापासून, वर जाणाऱ्या माशांची जातवार मोजणी होते आणि तिचे आकडे हंगामात रोजच्या रोज प्रसिद्ध होतात. नदीच्या आरोग्याची एवढी दीर्घ आणि अखंड नोंद जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ही खिडकी शिडीवर आहे आणि शिडी वर चढणाऱ्यांसाठी आहे. समुद्राकडे निघालेली पिल्ले शिडीने क्वचितच उतरतात. ती रात्रीच्या अंधारात, बऱ्याचदा शेपटी पुढे आणि तोंड प्रवाहाकडे ठेवून, पाण्याबरोबर वाहत येतात. बोटभर लांबीचे हे मासे कितीही वेळ खिडकीशी उभे राहिले तरी दिसत नाहीत. प्रौढ सामनसाठी शिडी बांधणे हा तुलनेने सोपा प्रश्न होता आणि बॉनव्हिलच्या अभियंत्यांनी तो १९३०च्या दशकातच चांगला सोडवला. पिल्लांना खाली कसे उतरवायचे हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाच्या मनात नव्हता आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. कोलंबियातील सामनचे भवितव्य त्या प्रश्नावर अधिक अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी पिल्लाचा प्रवास नजरेसमोर आणावा लागतो. आयडाहोच्या डोंगराळ भागातील एखाद्या थंड ओढ्यात मादी गोट्यांमध्ये खळगा करून गाभोळी सोडते. अंड्यातून बाहेर पडलेला जीव पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतील अन्नावर गोट्यांच्या फटीतच काही आठवडे काढतो, मग बाहेर येऊन किडे टिपू लागतो. वसंत ऋतूतील चिनूकची बोटुकली साधारण वर्षभर गोड्या पाण्यात राहते आणि पुढच्या वसंतात, बर्फ वितळून नदीला लोंढा येतो त्या सुमारास समुद्राची वाट धरते. निघताना तिच्या अंगावरचे उभे काळसर पट्टे पुसट होऊन ती चांदीसारखी चकचकीत होते. कल्ले आणि मूत्रपिंडे खाऱ्या पाण्यासाठी तयार होऊ लागतात. या अवस्थेतील पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. शरीरातील हा बदल फार दिवस थांबून राहत नाही, त्यामुळे ठरावीक मुदतीत समुद्र गाठणे तिला भाग असते. पूर्वी हे काम लोंढा करीत असे. आता कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरची लोअर ग्रॅनाइट, लिटल गूज, लोअर मॉन्युमेंटल आणि आइस हार्बर, व पुढे कोलंबियावरची मॅकनेरी, जॉन डे, द डॅल्स आणि शेवटचे बॉनव्हिल अशी आठ धरणे मध्ये आहेत आणि प्रत्येकाच्या मागे संथ पाण्याचा जलाशय आहे. जेथे प्रवाहाने ढकलून न्यायचे तेथे पिल्लाला स्वतः पोहावे लागते; वेळ जातो, अंगातली चरबी खर्च होते, आणि संथ पाण्यात दबा धरून बसलेल्या शत्रूंना अधिक संधी मिळते.

धरणापाशी पोहोचल्यावर पिल्लापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली टर्बाइनमधून. पात्यांचा फटका सर्वांच्या लक्षात येतो, पण त्याहून कपटी धोका दाबातील बदलाचा आहे : खोल पाण्यातल्या दाबातून पात्यांमागच्या कमी दाबात क्षणार्धात गेल्यामुळे माशाची हवेची पिशवी फुगते आणि आतल्या आत इजा होते. बॉनव्हिलच्या पहिल्या वीजगृहातील जुनी टर्बाइने काढून पात्यांच्या टोकाशी आणि मुळाशी फट कमी ठेवलेली नवी टर्बाइने बसवली, ती माशांना होणारी इजा कमी व्हावी म्हणून. दुसरी वाट बगलमार्गाची. टर्बाइनच्या तोंडाशी पाण्यात तिरक्या जाळ्या टांगलेल्या असतात. त्या पिल्लांना वरच्या विहिरीत वळवतात आणि तेथून ती एका पाटातून धरणाखाली सोडली जातात. तिसरी वाट सांडव्यावरून, आणि सर्वसाधारणपणे पिल्लांच्या दृष्टीने ती बरी समजली जाते. पिल्ले स्वभावतः पृष्ठभागालगत पोहतात, खोल बुडी मारून दरवाजाखालून जायला ती कचरतात, हे ओळखून २००१ साली लोअर ग्रॅनाइट धरणाच्या सांडव्यात पृष्ठभागावरचे पाणी सोडणारा खास बांध बसवला गेला. बॉनव्हिलच्या दुसऱ्या वीजगृहाच्या कोपऱ्यातही, जेथून पूर्वी बर्फ आणि काडीकचरा बाहेर टाकत, तेथे आता पिल्लांना पृष्ठभागावरूनच उचलून खालच्या वेगवान प्रवाहात सोडणारी लांबलचक पन्हळ आहे. येणाऱ्यांनी ती वॉशिंग्टनच्या बाजूने जरूर शोधावी. शिडीकडे लक्ष सहज जाते. पन्हळीपाशी फार थोडे लोक थांबतात.

सांडव्यालाही स्वतःचा दोष आहे. उंचावरून कोसळणारे पाणी हवा घेऊन खोल जाते, दाबाने ती हवा पाण्यात विरघळते आणि माशांच्या परांत, डोळ्यांत व कल्ल्यांत बुडबुडे धरतात. म्हणून सांडव्याच्या उतारावर पाणी आडवे वळवणारे ओठ बांधले आहेत आणि विरघळलेल्या वायूवर राज्यांनी मर्यादा घातल्या आहेत. २०२० मध्ये वॉशिंग्टन आणि ऑरेगन या दोन्ही राज्यांनी वसंत ऋतूपुरती ही मर्यादा पाण्यात एरवी मावणाऱ्या वायूच्या १२५ टक्क्यांपर्यंत वाढवली, म्हणजे पिल्लांसाठी अधिक पाणी सांडव्यावरून सोडता यावे. सांडव्यावरून गेलेले पाणी वीज देत नाही, म्हणून या प्रत्येक टक्क्यामागे मोठा वाद आहे. मला विचाराल तर एप्रिल ते जून या काळात सांडवा जोरात वाहताना पाहणे हेच या केंद्राचे खरे आकर्षण आहे. पांढऱ्या फेसात काहीही दिसत नाही, तरी त्यातून काय चालले आहे हे माहीत असले की पाहणे वेगळेच होते.

आकड्यांच्या बाबतीत प्रेक्षकाने सावध राहावे. माशांच्या रक्षणासाठीच्या २००८ च्या केंद्रीय आराखड्यात प्रत्येक धरण ओलांडताना वसंतातील पिल्लांपैकी किमान ९६ टक्के आणि उन्हाळ्यातील पिल्लांपैकी किमान ९३ टक्के जगावीत असे उद्दिष्ट ठेवले गेले. ९६ टक्के ऐकायला उत्कृष्ट वाटते. पण आठ धरणांचा हिशेब करायला ०.९६ ला आठ वेळा गुणावे लागते, आणि उत्तर येते सुमारे ७२ टक्के. उन्हाळ्यातल्या पिल्लांसाठी तेच उत्तर ५६ टक्क्यांच्या आसपास जाते. यात जलाशयात वाया गेलेले दिवस नाहीत, आणि धरणे पार केल्यावर थकून खाडीत किंवा समुद्रात मरणारी पिल्ले तर मुळीच नाहीत. ही उशिरा येणारी मरतुक किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरी एक तुलना मला फार बोलकी वाटते : जॉन डे नदीतील वसंत चिनूकला फक्त तीन धरणे ओलांडावी लागतात, स्नेक नदीतल्या त्याच्या भाईबंदांना आठ, आणि प्रौढ होऊन परतणाऱ्यांचे प्रमाण साधारणपणे जॉन डे नदीत अधिक राहते. खोऱ्याच्या नियोजन परिषदेने समुद्राकडे गेलेल्या स्मोल्टपैकी २ ते ६ टक्के प्रौढ होऊन परत यावेत असे लक्ष्य ठेवले आहे. स्नेक नदीतील रानटी चिनूक या पट्ट्याच्या खालच्या टोकालाही बहुतेक वर्षी पोहोचत नाही.

ही माहिती मिळते कशी, हेही सांगायला हवे, कारण या ठिकाणची मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. पिल्लाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी टोचतात. तिला बॅटरी नसते. शोधयंत्राच्या चौकटीतून मासा गेला की ती क्षणभर जागी होऊन आपला क्रमांक सांगते. आयडाहोच्या ओढ्यात टोचलेले पिल्लू कोणत्या दिवशी कोणत्या धरणावरून उतरले आणि दोन-तीन वर्षांनी प्रौढ होऊन कोणत्या शिडीने वर गेले, हे यामुळे कळते. काचेसमोरून जाणाऱ्या एखाद्या चिनूकच्या पोटात ही कुपी असू शकते, हे सोबतच्या मुलांना आधी सांगून ठेवावे.

शत्रूंविषयी थोडक्यात. धरणाखाली गरगरून बाहेर पडलेल्या पिल्लांवर गल पक्षी तुटून पडतात. पाइकमिनो हा मासा नदीतलाच, पण संथ जलाशय त्याला फार मानवले. १९९० पासून तो पकडून आणणाऱ्या हौशी मच्छीमारांना माशामागे रोख बक्षीस दिले जाते. बाहेरून आणून सोडलेले बास आणि वॉलाय हे मासेही भर घालतात. पण या सर्वांना खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही, कारण त्यांच्या तोंडी ही पिल्ले एवढ्या सहज लागतात ती नदी संथ झाल्यामुळे. उन्हाचा प्रश्न याहून कठीण आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात नदीचे पाणी इतके तापले की परतणाऱ्या सॉकाय या सामनच्या दुसऱ्या जातीपैकी अडीच लाखांहून अधिक मासे वाटेतच मेले.

स्नेकच्या वरच्या धरणांपाशी पकडलेली काही पिल्ले पाण्याच्या टाक्या असलेल्या तराफ्यांत भरून थेट बॉनव्हिलच्या खाली आणून सोडतात, हे ऐकून पहिल्यांदा येणाऱ्यांना आश्चर्य वाटते. या वाहतुकीत वाटेवरचे मृत्यू टळतात, पण तराफ्यातून आलेले मासे प्रौढ झाल्यावर घरची वाट अधिक प्रमाणात चुकतात. ज्या पाण्याचा वास लक्षात ठेवून परतायचे, ते पाणी त्यांनी स्वतः पोहून अनुभवलेलेच नसते. माशाला नदीतून उचलून नदीच्या टोकाला सोडणे हा उपाय आणीबाणीपुरता समजण्यासारखा आहे. कायमची व्यवस्था म्हणून मला तो मान्य होत नाही.

धरणालगतचे बॉनव्हिल मत्स्यबीज केंद्र ऑरेगन राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग चालवतो आणि तेही विनामूल्य आहे. ते १९०९ सालचे, म्हणजे धरणाहून जुने. दहा फुटांहून लांब असा हर्मन नावाचा स्टर्जन मासा काचेमागे पाहायला सर्व गर्दी जमते आणि तो पाहण्यासारखा आहेच. पण मी पाहुण्यांना आधी सिमेंटच्या लांबट हौदांकडे नेतो, कारण पिल्ले उघड्या डोळ्यांनी दिसण्याची जागा हीच. कठड्यावरून आपली सावली पाण्यावर पडली की हजारो बोटुकल्या एकाच वेळी वळतात आणि हौदाचा रंग बदलतो. काहींच्या अंगावर काळसर पट्टे स्पष्ट असतात, काही चांदी चढू लागलेल्या असतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : हे केंद्र ज्या टॅनर ओढ्यावर आहे तो कोलंबियाला धरणाच्या खालच्या बाजूला मिळतो, त्यामुळे येथून ओढ्यात सोडलेल्या पिल्लांना एकही धरण ओलांडावे लागत नाही. आयडाहोच्या पिल्लाचे नशीब आणि या हौदातल्या पिल्लाचे नशीब एकाच तराजूत तोलता येत नाही.

आयडाहोचे म्हणताना रेडफिश सरोवराचा उल्लेख टाळता येत नाही. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर आणि ६,५०० फूट उंचीवरच्या या सरोवरात १९९२ मध्ये सॉकाय जातीचा केवळ एक नर परतला. लोकांनी त्याचे नाव ‘लोनसम लॅरी’, एकटा लॅरी, असे ठेवले. त्याचे वीर्य गोठवून ठेवून बंदिस्त पैदाशीत वापरले गेले आणि त्या जातीचा वंश आजवर टिकला तो बऱ्याच अंशी अशा पैदाशीच्या आधाराने. धरणे आठ, मासा एक. येथे आलेल्या प्रत्येकाने ही हकीकत कोणत्या तरी मार्गदर्शकाकडून मागून घ्यावी. येथील रेंजर प्रश्न विचारणाऱ्याला मनापासून वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

जेवणाचे काय, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. धरणाहून थोडे पूर्वेला कॅस्केड लॉक्स गावी ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ या पुलापाशी हंगामात मूळनिवासी मच्छीमार स्वतः पकडलेला ताजा सामन विकतात. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या लोकांचा मासेमारीचा हक्क १८५५ च्या तहांनी राखून ठेवलेला आहे. त्यांची सर्वांत मोठी मासेमारीची आणि व्यापाराची जागा, सेलिलो धबधबा, १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेली. मासे त्यांच्याकडून घ्यावेत, भाव करू नये आणि बर्फाची पेटी गाडीत ठेवावी. चिनूकला स्वतःची चरबी भरपूर असते, त्यामुळे हळद-तिखट-मीठ आणि कोकमाचे आगळ लावून तव्यावर जवळजवळ तेलाशिवाय भाजता येतो. रव्यात घोळवला तर माशाच्या सुटलेल्या तेलाने रवा मऊ पडतो.

स्नेकवरची खालची चार धरणे फोडावीत का, हा वाद केंद्रात भेटणाऱ्या कोणाहीशी बोलताना निघतो. गव्हाचे तराफे आयडाहोच्या लुइस्टन बंदरापर्यंत याच धरणांमुळे जातात आणि वीज व काही शेतीचे पाणीही त्यांच्यावर आहे, हे खरे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकार, चार जमाती आणि दोन राज्ये यांच्यात खोऱ्याच्या पुनरुज्जीवनाचा करार झाला. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यातून माघार घेतली. त्याच काळात दक्षिणेला क्लॅमथ नदीवरची चार धरणे काढून झाली आणि २०२४ च्या शरदातच सामन त्या जागांच्या वर, ऑरेगनपर्यंत, पोहोचला. तेथील नदी आणि येथील नदी सारख्या नाहीत, पण वाट मोकळी झाल्यावर मासा किती लवकर परततो याचा पुरावा आता हाताशी आहे.

जाण्यापूर्वी काही सूचना. प्रवेशद्वारावर गाडीची तपासणी होते, ती शांतपणे होऊ द्यावी. वेळा त्याच सकाळी तपासून निघावे. पोर्टलँडहून निघणाऱ्या एका बस-सहलीबरोबर मी एकदा आलो, तेव्हा येथे इतका थोडा वेळ दिला की खिडकीपाशी रांगेतच तो संपला. म्हणून स्वतःच्या गाडीने यावे आणि अर्धा दिवस हाताशी ठेवावा. प्रौढ मासे पाहायचे असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, पिल्लांच्या उतरणीचा हंगाम अनुभवायचा असेल तर मे. जूनमध्ये खिडकीत प्रामुख्याने शॅड हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेला मासा दिसतो. त्याची गर्दी पाहून सामन वाढला असे समजू नये. ऑरेगनची बाजू पाहून झाली की टोल भरून ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’वरून वॉशिंग्टनच्या बाजूला जावे. तेथे दुसरे वीजगृह आहे, माशांची आणखी एक शिडी आहे, गर्दी कमी असते, आणि पिल्लांची पन्हळ कोठून निघते व नदीला कोठे मिळते हे तेथल्या रेंजरला विचारले तर तो नकाशावर बोट ठेवून दाखवू शकेल.